गावी असलेल्या आईबाबांच्या बीपी-शुगरवर दुरून लक्ष ठेवायचंय. आकडा तर येतो, पुढे काय?

ओसरी

मंडळी, धागा जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

बाबा ७४ वर्षांचे. हार्ट फेल्युअर आहे, शेवटच्या टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय किती रक्त पुढे ढकलतं तो आकडा, ३५ टक्के. जोडीला जुना मधुमेह आणि रात्रीचं इन्सुलिन. आई ६९, बीपीची गोळी आणि दुखरे गुडघे. दोघंच चिपळूणला असतात. मी ठाण्यात, भाऊ बंगळुरूत. हृदयाचे डॉक्टर कोल्हापूरला, म्हणजे प्रत्येक खेपेला कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे जाणं आलं. पावसाळ्यात तर बघायलाच नको. "इकडे या राहायला" म्हटलं की बाबा विचारतात, "तुझ्या ब्लॉकमध्ये सकाळी उठून बघू काय, समोरच्यांचे एसी?" तेव्हा तो विषय मिटलेला आहे, कृपया त्यावर सल्ले नकोत.

सध्याची पद्धत अशी: आई रोज सकाळी बाबांचं बीपी आणि वजन घेते आणि कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिते. संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळेशेजारी १३२/७८. मग बाबा त्या चौकोनाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकतात. भाऊ अंगठा देतो, आत्या हात जोडते, काका गुलाबाचं फूल पाठवतात. पावसाळ्याच्या तोंडावर बाबांचं वजन चढायला लागलं. फोटो नेमाने येत होते, अंगठेही नेमाने पडत होते. एका रात्री धाप लागली आणि दवाखान्यात भरती करावं लागलं. आता बरे आहेत.

त्यानंतर एका कंपनीचा माणूस भेटला. ब्लूटूथचं बीपी मशीन, वजनकाटा, ऑक्सिमीटर, हातात घालायचा पट्टा, सगळं जोडून 'चोवीस तास देखरेख', वर्षाचे पैसे आधी. मी विचारलं, रात्री दोनला वेडंवाकडं रीडिंग आलं तर कोण बघतं? "मॅडम, लगेच अलर्ट जातो." कोणाला? "तुम्हालाच, ॲपवर." मग तुमचं कोण बघतं? "आमचा डॅशबोर्ड आहे ना." डॅशबोर्डसमोर कोण बसतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सध्या माझं मत असं झालंय की यंत्र कुठलंही चालेल, पलीकडे माणूस हवा. पण हे माझं मत आहे, मी काही वैद्यकीय क्षेत्रातली नाही. इथल्या डॉक्टर मंडळींनी आणि ज्यांनी असं काही घरी केलंय त्यांनी लिहा. काय मोजावं, किती वेळा मोजावं, आणि पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

अर्धाकप

वाचतेय. आमच्याकडे गुलाबाच्या फुलाऐवजी 'सुप्रभात' असतं, बाकी सेम.

कडूकिराईत

ओसरीताई, मी फिजिशियन आहे, निमशहरी भागात प्रॅक्टिस करतो. तुमचं मत बरोबर आहे, आणि त्याला चांगला पुरावाही आहे.

हार्ट फेल्युअरमध्ये दुरून देखरेख ठेवायचे दोन मोठे प्रयोग शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, रुग्ण १६५३. रुग्णांनी रोज एका स्वयंचलित फोनवर वजन आणि लक्षणं सांगायची, दवाखान्यातली मंडळी कामाच्या दिवशी ती बघणार. सहा महिन्यांत पुन्हा भरती किंवा मृत्यू, या हिशेबात काहीच फरक पडला नाही: देखरेखवाल्या गटात ५२.३ टक्के, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ५१.५. ज्यांना ही सोय दिली त्यातल्या १४ टक्क्यांनी एकदाही फोन लावला नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून निदान तीनदा फोन लावणारे ५५ टक्केच उरले होते.

दुसरा जर्मनीतला, २०१८ चा, रुग्ण १५७१. वजन, बीपी, ईसीजी आणि ऑक्सिजन रोज बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या केंद्रात जायचं. तिथे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, प्रत्येक रुग्णाची जोखीम ठरवलेली, गरज पडली की तेच रुग्णाला फोन करणार आणि त्याच्या गावातल्या डॉक्टरशी बोलणार. अचानक भरती किंवा मृत्यू यात देखरेखवाल्यांचे वर्षाकाठी सरासरी १७.८ दिवस गेले, नेहमीच्या उपचारांत २४.२. मृत्यूही कमी झाले, दर १०० रुग्ण-वर्षांमागे ११.३ ऐवजी ७.९. पुढे २०२० च्या डिसेंबरात जर्मनीने ही सेवा सरकारी आरोग्यविम्यात घ्यायचं ठरवलं.

वजनकाटा दोन्हीकडे होता. म्हणून पैसे द्यायच्या आधी कंपनीला विचारायचं ते एवढंच: आकडा कोण बघणार, किती वेळात बघणार, आणि बघून औषध बदलायचा अधिकार त्याला आहे का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात. कॉल सेंटरमधली मुलगी "सर, डॉक्टरांना दाखवून घ्या" म्हणणार असेल तर तेवढं तुमची आत्याही सांगेल.

बाबांसाठी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे साधा वजनकाटा. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज तशाच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते जेवणाचं वजन नाही, अंगात साठलेलं पाणी आहे. अशा वेळी लघवीची गोळी किती वाढवायची, किती दिवस, आणि कधी थेट दवाखाना गाठायचा, हे कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. पेशंटने मागितलं तर बहुतेक डॉक्टर देतात. मागत कोणी नाही, हीच अडचण. आपल्या मनाने मात्र गोळी कमी-जास्त करायची नाही, किडनी आणि पोटॅशियम दोन्ही त्यात गुंतलेलं असतं.

बंडूनाना

सगळं खरं, पण दुसरी बाजूही सांगतो. आमच्या मेव्हण्यांना मुलाने मशीन आणून दिलं. आता ते दर तासाला बीपी बघतात. १४६ आलं की घाबरतात, घाबरले की १५८ येतं, मग बायकोला हाक मारतात आणि ती भांडी टाकून आली की १६४. मशीन नव्हतं तेव्हा माणूस बरा होता.

पेन्शनर

माझं वय ७२. मुलगी मेलबर्नला. सकाळी बीपी पाठवायला उशीर झाला की तिचा फोन येतो, आणि तिच्याकडे तेव्हा दुपार असते, म्हणजे ऑफिसातून करते. मायेनेच करते, तक्रार नाही. पण ओसरी, तुम्ही बाबांना विचारलंत का? तुमच्या लेखात आई मोजते, बाबा फोटो टाकतात, मुलगी यंत्र बघते, भाऊ अंगठा देतो. बाबांना नेमकं काय हवंय ते कुठे आलंच नाही.

आमच्या कट्ट्यावर एक जण आहेत, सून आयटीत. तिने सगळं ॲपला जोडून दिलंय. हे गृहस्थ चांगला आकडा येईपर्यंत मोजतात आणि तोच पाठवतात. आधीचे पुसून टाकायचं बटण त्यांनी आठवड्यात शोधून काढलं. सून खूश, डॉक्टर खूश, हेही खूश.

अर्धाकप

पुसायचं बटण =)) माझ्या सासऱ्यांना कृपया कोणी सांगू नका.

कडूकिराईत

बंडूनानांच्या मेव्हण्यांसाठी. घरचं बीपी रोज बघायचंच नसतं. डॉक्टरकडे जायच्या आधीचा आठवडा घ्यायचा. रोज सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दर वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून द्यायचा, उरलेल्यांची सरासरी काढायची. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असली की साधारणपणे ठीक. दवाखान्यात आपण १४०/९० धरतो, घरचा आकडा थोडा खाली असतो म्हणून हा फरक. प्रत्येकाचं उद्दिष्ट वेगळं असू शकतं, ते आपापल्या डॉक्टरांना विचारा. एकेका रीडिंगवर जीव टाकायचा नाही, आणि मधल्या दिवसांत मशीन कपाटात.

मोजताना पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड उघडा आणि टेबलावर टेकलेला. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. लघवी लागलेली असताना मोजू नका, त्यानेही आकडा वाढतो. मनगटावरची मशीनं शक्यतो टाळा. नाडी अनियमित असेल, म्हणजे एएफ असेल, तर डिजिटल मशीनचा आकडा फसवू शकतो. अशा पेशंटला अधूनमधून दवाखान्यात हाताने मोजून घेऊ द्या.

आता ओसरीताईंच्या कालनिर्णयबद्दल. इंग्लंडात २०१८ साली ११८२ बीपीच्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. एका गटाने घरी मोजून कागदावर लिहून डॉक्टरांना दिलं, दुसऱ्याने मोबाइलवरून पाठवलं, तिसऱ्याचं नेहमीसारखं दवाखान्यात. पहिल्या दोन्ही गटांत डॉक्टर घरच्या आकड्यांवरून गोळ्या ठरवायचे. वर्षाअखेरीस वरचं बीपी कागदवाल्यांचं १३७.०, मोबाइलवाल्यांचं १३६.०, दवाखानावाल्यांचं १४०.४. म्हणजे कागद आणि मोबाइल सारखेच. फायदा झाला तो डॉक्टरने आकडा बघून गोळी बदलल्याचा. कालनिर्णयला नावं ठेवू नका, फक्त तो चौकोन आत्याऐवजी डॉक्टरकडे जाऊ दे.

पेन्शनरकाकांच्या मित्राचं मात्र अवघड आहे. त्यांना एकदा गोळी वाढवायची भीती घाला.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. मी नर्स आहे, दोन वर्षांपासून हेच काम करते, स्क्रीनसमोर बसून लोकांचे आकडे बघायचं. म्हणजे ओसरी विचारतेय तो 'डॅशबोर्डसमोरचा माणूस' मी.

इकडे मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, यासाठी पैसे देतं, त्यामुळे धंदा फोफावलाय. नियम असा होता की ३० दिवसांत निदान १६ दिवसांचे आकडे आले तरच उपकरणाचे पैसे मिळणार. त्यामुळे पेशंटला १६ दिवस मशीनवर बसवणं हेच कित्येक कंपन्यांचं ध्येय होऊन बसलं. २०२६ पासून २ ते १५ दिवसांसाठीही बिलाचा वेगळा कोड आलाय, बरं झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. ही सेवा घेणाऱ्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांना तिचे तिन्ही भाग मिळालेच नव्हते. तीन भाग म्हणजे शिकवून जोडून देणं, उपकरण, आणि आकड्यांवरून उपचार. यंत्र घरी पोचलं, बिल गेलं, पण उपचार ठरवायला कोणी बसलं की नाही याचा पत्ता नाही, अशीही उदाहरणं त्यात आली.

कामाचं स्वरूप सांगते. सकाळी लॉगिन केलं की लाल रंगाची रांग दिसते. त्यातले बहुतेक अलर्ट खोटे. एका आजींचं वजन एका रात्रीत सोळा पौंडांनी घटलं, फोन केला तर काट्यावर नातू उभा होता. एका आजोबांचा ऑक्सिजन ८४, विचारलं तर बाहेर बर्फ काढून आले होते, बोटं गार पडलेली. हात चोळून परत लावलं, ९६. म्हणून आकड्यापेक्षा आवाज ऐकणं महत्त्वाचं. वाक्य पूर्ण करताना दम घेतोय का, काल रात्री किती उशा घेतल्या (आडवं झाल्यावर धाप लागते का), बूट घट्ट होतायत का (पाय सुजलेत का). हे कुठलाही सेन्सर सांगत नाही. ओसरी, तू ठाण्यातून फोन करून एवढं विचारलंस तरी ते अर्धं काम आहे.

ऑक्सिमीटरबद्दल अजून एक. सावळ्या-काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, २०२० च्या शेवटी यावर इथे बरंच छापून आलं. नेलपॉलिश आणि गडद मेंदी दोन्हींनी गोंधळ होतो. आकडा ठीक दिसतोय म्हणून धाप लागलेल्या माणसाला घरी थांबवू नका.

माणदेशी

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, सातारा जिल्ह्यात उपकेंद्रात (आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणायचं). इथे ब्लूटूथ वगैरे काही नाही, कधी कधी रेंजही नाही. पण दुरून लक्ष ठेवायची एक पद्धत आमच्याकडेही चालते म्हणून लिहिते.

२०१७ च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. रुग्ण आला की बीपी मोजून नोंद करायची, ठरलेल्या क्रमाने गोळी, पुढच्या महिन्याची तारीख. खरी गंमत पुढे आहे. तारीख उलटून गेलेल्यांची यादी निघते. ती घेऊन फोन लावायचा, नाहीतर आशाताई घरी जातात. कोण ऊसतोडीला गेलंय, कोण मुंबईला पोराकडे, कोणाला "बरं वाटलं म्हणून गोळी सोडली." आला त्याचं बीपी आपण बघतोच, पण न आलेल्याचं नाव समोर दिसणं जास्त महत्त्वाचं. झटका त्यालाच येतो.

चिपळूणलाही जवळ असं केंद्र असेलच. आईंचं बीपी आणि गोळ्या तिथे जोडून घ्या, गोळ्या मोफत मिळतात. आईंचा आकडा कालनिर्णयात दिसत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. सांभाळणाऱ्या बाईचं बीपी कोणी मोजत नाही, हे रोज बघते.

ओसरी

माणदेशी, आईचं खरंच कोणी लिहीत नाही. आजच फोन करते.

पेन्शनरकाका, बाबांना विचारलं. म्हणाले, "ग्रुपवरून आत्याला काढ, बाकी काही हरकत नाही."

खडीसाखर

इन्सुलिनचा उल्लेख आहे म्हणून शुगरबद्दल. माझ्या आईला डॉक्टरांनी दंडावर चिकटवायचा सेन्सर लावायला सांगितला होता, १४ दिवस चालतो. स्वस्त नाही. कायम लावायची गरजही नाही, आम्ही औषध बदललं की एकेकदा लावतो. तेवढ्यात बोट टोचून कधीच कळलं नसतं ते कळलं: पहाटे तीन-चारच्या सुमारास शुगर साठच्या घरात जात होती. सकाळी उठेपर्यंत परत वर. उपाशीपोटीचा आकडा १५० बघून आम्ही समजत होतो इन्सुलिन कमी पडतंय. प्रत्यक्षात डॉक्टरांनी कमी केलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा सेन्सर रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर भरभर बदलत असेल तेव्हा काही मिनिटं मागे असतो. घाम, थरथर असेल आणि सेन्सर ९० म्हणत असेल तर बोट टोचून बघा. आणि त्याच कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटंच कमी दाखवतो. पहिल्या रात्री त्यानेच सगळं घर जागं केलं होतं.

बाबांच्या वयाला तरुणांचं टार्गेट लावू नका. सर्वसाधारणपणे दिवसाचा ७० टक्के वेळ शुगर ७० ते १८० मध्ये हवी म्हणतात. वयस्कर आणि जोखमीच्या लोकांना ५० टक्के चालतं, पण ७० च्या खाली १ टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसात जेमतेम पंधरा मिनिटं. कमी झाल्यास तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी परत तपासणी, हे आईला पाठ असू द्या.

आणि 'सुई न टोचता शुगर' दाखवणारी घड्याळं-अंगठ्या घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलंय, अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे सणाच्या सेलमध्ये ती सर्रास असतात.

बंडूनाना

अंगठी घेतली होती मेव्हण्यांनी. चहाच्या कपालाही शुगर दाखवली तिने.

सहीशिक्का

कंपनीचं पॅकेज घेणारच असाल तर संमतीपत्र वाचा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय. डेटा कशासाठी घेतला ते सांगणं आणि संमती मागे घेता येणं, दोन्ही त्यात आहे. संमती बाबांची लागते, तुम्ही त्यांच्या फोनवर 'आय ॲग्री' दाबलं म्हणजे झालं असं नाही. विमा विकणाऱ्या भागीदार कंपन्यांना माहिती देण्याचं कलम अशा पानांच्या तळाशी असतं, तिथली खूण काढा. आणि पैसे वर्षाचे आधी भरू नका, महिन्याचे भरा.

ओसरी

सगळ्यांचे आभार. आतापर्यंत काय ठरलं ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर बरं.

पॅकेज नाही घेतलं. त्या पैशांतून साधा डिजिटल वजनकाटा आणि दंडाचं बीपी मशीन घेतलं, आणि चिपळूणच्या आमच्या जुन्या डॉक्टरांना महिन्याची फी ठरवून दिली. त्यांनी आधी नको म्हटलं, मग म्हणाले, "रोज सकाळी फोटो पाठवू नका, मी बघणार नाही. सोमवारी एकदा आठवड्याचे आकडे पाठवा, मी त्या दिवशी फोन करीन. मधे वजन वाढलं तर मात्र फोटो पाठवायचा नाही, थेट फोन करायचा." कोल्हापूरच्या डॉक्टरांनी गोळी वाढवायचा कागद सही करून दिला, तो फ्रीजवर लावलाय. वजन ६४ च्या वर गेलं तर काय, ६५ च्या वर गेलं तर काय, धाप लागली तर कुठे. रात्रीची जबाबदारी शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी घेतली, त्यांचा नंबर कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, बाबांना चष्म्याशिवाय दिसेल असा. शुगरचा सेन्सर पुढच्या भेटीत विचारणार आहे.

भावाला काम दिलंय: सोमवारी आकडे आले नाहीत तर त्याने फोन करायचा. माणदेशींची उलट यादी.

एक शंका उरलीय. नवीन मशीन आईला लावलं तर १५२ येतं आणि केंद्रात ताईंनी मोजलं तर १३८. मशीन खराब म्हणून परत करू का?

कडूकिराईत

परत करायच्या आधी आईंच्या दंडाचा घेर टेपने मोजा, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर. खोक्यातल्या पट्ट्यावर किती सेंटिमीटर लिहिलंय?

ओसरी

दंड ३५ भरला. पट्ट्यावर २२ ते ३२ लिहिलंय.

कडूकिराईत

मग मशीन ठीक असणार. पट्टा लहान पडला की बीपी जास्त दाखवतं. त्याच कंपनीचा मोठा पट्टा, ३२ ते ४२ चा, वेगळा मिळतो. तो मागवा आणि पुढच्या वेळी मशीन केंद्रात घेऊन जा, ताईंच्या मशीनशेजारी ठेवून दोन-तीनदा मोजून बघा. तोपर्यंत आईंची गोळी आहे तशीच चालू द्या.

माणदेशी

आमच्याकडे मोठा पट्टा असतो. कोणी विचारलं तर काढून देतो, नाहीतर कपाटात.